रमजानचे किट आणि सहा महिन्यांच्या गोळ्या

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आपल्या वस्त्यांमधून जेवढा पैसा आणि जेवढे धान्य हातोहात फिरते, तेवढे बाकीच्या अकरा महिन्यांत मिळूनही फिरत नसेल. मशिदीबाहेर रसीदबुके घेऊन बसलेले सफीर, मदरशांचे आणि यतीमखान्यांचे फलक, किराणा दुकानांसमोर एकावर एक रचलेली किटची पोती. ज्याच्यावर जकात फर्ज आहे तो देतो, आणि ज्याच्यावर नाही तोही खिशातून काहीतरी काढून सदका करतो. ही आपली मोठी ताकद आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. पण शव्वालचा चांद दिसला की हे सगळे एका रात्रीत थांबते. आजारपण थांबत नाही.

आजारपणे पुष्कळ आहेत. मी इथे एकाच आजाराबद्दल लिहिणार आहे, टीबीबद्दल. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांच्या गल्ल्या, गोवंडीच्या दाटीवाटीच्या खोल्या, जिथे एका दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे झोपतात आणि खिडकी असलीच तर ती समोरच्या भिंतीत उघडते, तिथे हा आजार घर धरून बसतो. शिवाय या आजारात औषधाइतकेच काम ताटातले अन्न करते. औषध सरकार फुकट देते. ताट भरायची जबाबदारी मात्र घरावर पडते, आणि नेमका त्याच वेळी घरातला कमावता हात अंथरुणाला खिळलेला असतो. आपल्या जकात-सदक्याची खरी जागा मला तिथे दिसते.

काही वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर राहू लागली. हुशार मुलगी, उर्दूत पहिली, मराठीत शुद्धलेखन माझ्यापेक्षा नेटके. चौकशी केली तेव्हा कळले की वालिद लूमवर बारा तासांची पाळी करायचे, आता खोकल्याने घरी बसले आहेत, अम्मी लोकांकडे कामाला जाते आणि धाकट्या भावंडांसाठी ही घरी थांबते. दुपारी मी आणि एक सहशिक्षिका घरी गेलो. उपचार सुरू झाले होते, गोळ्यांची पाकिटे कोनाड्यात होती, पण त्यातल्या पंधरा दिवसांच्या गोळ्या तशाच. मी विचारले तर ते म्हणाले, “टीचर, रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, उलटी होते. आणि पोटात घालायला चहा-पावाशिवाय काय आहे?” आणखी एक भीती त्यांच्या मनात होती. लघवी लालसर होत होती, म्हणजे गोळ्यांनी रक्त जात असणार, असे त्यांना वाटत होते. खरे तर तो रंग रिफाम्पिसिन या औषधाचा असतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते, पण हे कुणी त्यांना बसून सांगितले नव्हते.

साध्या टीबीचे उपचार सहा महिने चालतात. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात खोकला कमी होतो, ताप जातो, माणसाला वाटते झालो बरा. मग कामावर जाण्याची घाई होते, कारण आठवड्याचा पगार थांबलेला असतो. गोळ्या मध्येच सुटल्या तर टीबी परत उलटतो आणि कधी कधी नेहमीच्या औषधांना जुमानत नाही असा होऊन उलटतो. तेव्हा उपचार अवघड होतात आणि घरातल्या बाकीच्यांनाही धोका वाढतो. म्हणजे सहा महिने त्या घराची चूल पेटती ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

हे केवळ माझे मत नाही. मंगळुरूच्या येनेपोया मेडिकल कॉलेजचे डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक मोठा अभ्यास केला. त्याचे नाव रेशन्स. फुप्फुसाचा टीबी असलेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे त्यात होती. सर्व रुग्णांना सहा महिने दरमहा दहा किलोचा शिधा मिळाला, त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. घरातल्या इतर माणसांचे दोन गट केले. एका गटाला तांदूळ-डाळ दिली, दुसऱ्याला दिली नाही. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ज्या घरांत इतरांनाही शिधा पोहोचला, तिथे नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. बेडक्यातून पसरणारा जो टीबी, तो तर जवळपास निम्म्याने घटला. यात नवे औषध नव्हते, नवी लस नव्हती. डाळ-तांदूळ होते.

रुग्णांबद्दलही एक गोष्ट त्यात दिसली. उपचार सुरू करताना दर पाचांपैकी चार रुग्ण कुपोषित होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता.

आता आपल्या रमजानच्या किटकडे पाहा. तांदूळ, मैदा, साखर, बेसन, तेल, शेवया, खजूर, सरबताची बाटली. सणासाठी हे योग्यच आहे. गरिबाच्या दस्तरखानावरही इफ्तारीला भजी आणि सरबत असावे, ईदला शीरखुर्मा असावा, यात वावगे काय? पण टीबीच्या रुग्णाला हवी असतात प्रथिने, आणि तीही सलग. त्यात अनेक रुग्णांना साखरेचाही आजार असतो, त्यांना सरबताची बाटली देऊन आपण कोणते भले करतो? सरकारच्या निक्षय मित्र योजनेत प्रौढ रुग्णाच्या महिन्याच्या पोषण-पिशवीचा जो नमुना दिला आहे तो असा: तीन किलो धान्य, दीड किलो डाळ-कडधान्य, पाव किलो तेल, एक किलो दूध पावडर किंवा सहा लिटर दूध किंवा एक किलो शेंगदाणे, आणि जिथे चालतात तिथे तीस अंडी. आपल्या घरांत अंडी चालतात, त्यामुळे अंड्यांना पहिला मान द्यावा. रोज एक अंडे आणि मूठभर शेंगदाणे, हे कुठल्याही महागड्या प्रोटीन पावडरच्या डब्यापेक्षा परवडते आणि लागू पडते.

आमच्या बाजारात ही पिशवी साधारण आठशे ते हजार रुपयांत भरते. सहा महिन्यांचे झाले पाच-सहा हजार. अडीच टक्क्यांनी हिशेब केला तर २ लाख ४० हजार रुपयांवरची जकात ६ हजार होते. म्हणजे थोडे दागिने आणि थोडी बचत असलेल्या एका मध्यमवर्गीय घराच्या वर्षाच्या जकातीत एका रुग्णाच्या संपूर्ण उपचाराइतके अन्न येते. ज्या मशिदीच्या जमातीत असली पन्नास घरे आहेत, तिथे काय होऊ शकते याचा गुणाकार माझे विद्यार्थीही करू शकतील.

इथे मसल्याचा प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा. जकात हे इबादत आहे, आपल्या मर्जीने कुठेही लावायचा निधी नव्हे. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत तिचे आठ हकदार नेमून दिले आहेत, आणि त्यांत पहिली नावे फकीर आणि मिस्कीन यांची आहेत. आपल्याकडचे बहुतेक उलमा सांगतात की जकात हकदाराच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणून दवाखान्याची इमारत, अँब्युलन्स, एक्स-रे मशीन, डॉक्टर-नर्सचा पगार हे जकातीतून होत नाही, त्यासाठी लिल्लाहची रक्कम वेगळी लागते. हनफी मताप्रमाणे तर शिजवलेले अन्न समोर बसवून खाऊ घातले तरी जकात अदा होत नाही, कारण त्यात मालकी दिलेली नसते. तेच धान्य त्याच्या हातात दिले, त्याने ते शिजवावे, वाटावे, काहीही करावे, तर अदा होते. पोषणाची पिशवी या कसोटीला अगदी सरळ उतरते.

दुसरा प्रश्न महिन्या-महिन्याने देण्याचा. जकातीचे वर्ष पूर्ण झाल्यावर ती अडवून ठेवून बारा हप्त्यांत देत बसणे बरोबर नाही, असे कुणी म्हणेल आणि ते रास्त आहे. पण वर्ष पूर्ण व्हायच्या आधी, येणाऱ्या वर्षाची जकात आगाऊ देता येते. हजरत अब्बास (रजि.) यांनी तशी परवानगी मागितली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती दिली, असे हदीसमध्ये आले आहे. हनफी आणि कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांमध्येही एका वर्षाची आगाऊ जकात चालते. तेव्हा शव्वालपासूनच दरमहा ठरावीक रक्कम जकातीच्या नियतीने देत जावी, वहीत लिहावी, आणि पुढच्या रमजानमध्ये हिशेब करून कमी पडेल ते भरावे. पगारदार माणसाला तर हे एकदम मोठी रक्कम काढण्यापेक्षा सोपे जाते. तपशील आपापल्या इमाम साहेबांना किंवा मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावेत.

आणि एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. घेणाऱ्याला ‘ही जकात आहे’ असे सांगणे बंधनकारक नाही. देणाऱ्याची नियत पुरेशी आहे. पिशवी भेट म्हणून द्या, मुलांसाठी आणली म्हणा. चांगल्या दिवसांत स्वतः जकात देणारा कारागीर आजारपणात जकात घ्यायला मरणप्राय लाजतो. त्याला त्या शब्दाच्या ओझ्याखाली का आणावे? भाऊ, बहीण, मावशी, चुलत भाऊ गरजू असतील तर त्यांनाही जकात देता येते, आणि त्यात नाते जोडल्याचाही सवाब आहे. आई-वडील, स्वतःची मुले आणि बायको यांना मात्र देता येत नाही, त्यांची जबाबदारी तशीही आपल्यावरच आहे. शेजारी मुस्लिम नसेल तर नफिल सदक्याला कोणतीच आडकाठी नाही. टीबीचे जंतू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना नाव विचारत नाहीत, तेव्हा चाळीत पिशवी जाताना फक्त आपल्याच दारात थांबावी, हे दीनच्या दृष्टीने आणि आरोग्याच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

सदक्याच्या पैशावर आरोग्याची कामे सलग चालवणे हे आपल्या इतिहासात नवे नाही. इजिप्तचा मामलुक सुलतान कलावून अमीर असताना दमिश्कमध्ये पोटदुखीने आजारी पडला. तिथल्या नूरुद्दीन जंगीने बांधलेल्या बीमारिस्तानातून आलेल्या औषधांनी तो बरा झाला. तेव्हा त्याने मन्नत केली की सत्ता मिळाली तर असेच एक रुग्णालय बांधीन, आणि १२८४ मध्ये कैरोत ते बांधलेही. इमारत भव्य होतीच, पण मला जास्त भावतो तो तिचा वक्फनामा. दुकाने, हमामखाने, घरे यांचे भाडे कायमचे रुग्णालयाला लावून दिलेले. खर्चाच्या यादीत औषधे आणि हकीमांचे पगार तर आहेतच, पण रुग्णांना जेवण वाढायची मातीची भांडी आहेत, त्यांवर झाकायची झाकणे आहेत, उन्हाळ्यात वारा घालायला ताडाच्या पानांचे पंखे आहेत. प्रत्येक रुग्णाचे जेवण त्याच्या स्वतःच्या भांड्यात, झाकून न्यावे, असेही लिहिलेले. आणि जो गरीब माणूस घरीच आजारी पडला आहे, त्यालाही घरपोच औषध-पाणी देण्याची तरतूद त्यात आहे. साडेसातशे वर्षांपूर्वी दान देणाऱ्याने पंख्यापर्यंत विचार केला होता!

(यावरून कुणी टीबीच्या रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करू नये. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. खोकताना तोंडावर रुमाल, खोलीत हवा खेळती, आणि गोळ्या नियमित, एवढे पुरे. सुनेचे ताट वेगळे मांडून तिला माहेरी पाठवणारी घरे मी पाहिली आहेत.)

आता दुसऱ्या बाजूचेही बोलते. आपल्याकडे आरोग्यासाठी दान होतच नाही असे मुळीच नाही. जुम्याच्या नमाजनंतर एखाद्याच्या ऑपरेशनसाठी झोळी फिरते आणि अर्ध्या तासात वीस-तीस हजार जमा होतात. व्हॉट्सअॅपवर बाळाचा फोटो आणि अडीच लाखांचे अंदाजपत्रक येते, लोक रात्री दोनला पैसे पाठवतात. ही माया खरी आहे. पण यातला कितीतरी पैसा अशा खर्चावर जातो, जो त्या रुग्णाला करावाच लागला नसता. महाराष्ट्रात धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरवून दिलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटायचे असते. हे माहीत नसल्याने, किंवा दाखला काढायला तहसीलमध्ये कुणी सोबत न आल्याने, झोळी फिरते. जमातीतल्या एखाद्या शिकलेल्या तरुणाने आठवड्याचे दोन तास फॉर्म भरून द्यायला दिले, तर ते लाखाच्या सदक्याइतके काम करील. असा वाचलेला पैसा मग पिशव्यांकडे वळवता येतो.

टीबीच्या बाबतीतही आधी हक्काचे ते मिळवावे. निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाच्या बँक खात्यात २०१८ पासून दरमहा ५०० रुपये जमा होत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले आहेत. खाते आधारशी जोडलेले नसेल तर ते अडकतात. आणि २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून कोणीही व्यक्ती, संस्था, ट्रस्ट, बचतगट नाव नोंदवून रुग्णांची पोषणाची जबाबदारी घेऊ शकतो. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या टीबी सुपरवायझरला भेटले की पुढची वाट कळते. रुग्णाच्या संमतीनेच त्याचे नाव मिळते, आणि ते बरोबरच आहे.

आम्ही शाळेतल्या पाच शिक्षिकांनी त्या मुलीच्या घरापासून सुरुवात केली, अगदी साधी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी किराणावाल्या भाईंकडे पैसे जमा करायचे, पिशवी ते भरतात, आणि त्या घरातलेच कुणीतरी नेहमीच्या सामानासारखी घेऊन जाते. अंडी एकदम तीस न देता आठवड्याला आठ-आठ घ्यायची, म्हणजे खराब होत नाहीत आणि पाहुण्यांतही संपत नाहीत. फोटो नाही, फलक नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण किट घेणाऱ्या बायकांना बॅनरसमोर ओळीने उभे करून काढलेले फोटो दर रमजानला फिरतात आणि माझ्या अंगावर काटा येतो. टीबीत तर ते पाप दुहेरी आहे. त्या फोटोने मुलीची सोयरीक मोडू शकते, कारागिराचे काम जाऊ शकते.

घर मोठे असेल तर पिशवीही मोठी हवी. रुग्णापुरतीच दिली तर ती रुग्णाच्या तोंडात जाणार नाही. कोणती आई समोर भुकेली लेकरे बसवून स्वतः अंडे खाईल? झारखंडच्या अभ्यासात घरातल्यांचाही शिधा धरला होता, तो याच कारणाने शहाणपणाचा होता. आणि घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्यायला सोबत जावे. ज्यांना आजार नाही त्यांनाही प्रतिबंधक औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

एक विनंती रोज्यांबद्दल. उपचार चालू असताना रमजान आला तर रुग्ण हट्टाने रोजे धरतात, गोळ्यांची वेळ बिघडवतात. आजाऱ्याला रोज्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे, बरे झाल्यावर कजा करता येते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगावे, त्यांचे ऐकले जाते.

पिशवीसोबत एक वजनकाटाही फिरता ठेवा. बाराशे-पंधराशेत मिळतो, आणि तो लिल्लाहच्या पैशातून घ्यावा. पहिल्या दिवशी वजन करून वहीत लिहायचे, मग दर महिन्याला. बेचाळीस किलोच्या माणसाचे दोन महिन्यांत दोन किलो वाढायला हवेत. काटा हलला नसेल तर पिशवी कुठे जाते आहे ते प्रेमाने विचारावे, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. साखर तपासली आहे का, गोळ्या उलटून तर पडत नाहीत ना, हे त्यांना विचारता येते. त्या मुलीच्या वालिदांचे वजन दुसऱ्या महिन्यात दीड किलो वाढले होते आणि पाचव्यात साडेचार. वही तिच्याकडेच असायची. आकडे ती उर्दूत लिहायची, महिन्यांची नावे मराठीत.